दीड-दोन व्होल्टवर वाकणारी कार्बनची पट्टी: कॉलेजच्या प्रयोगशाळेत बनवायची कशी

मोटर नाही, गिअर नाही, आवाज नाही. पाव मिलिमीटरहून थोडी जाड, काळी, लवचिक पट्टी एका टोकाला चिमटीत धरायची आणि तिच्या दोन बाजूंना दीड व्होल्टचा सेल जोडायचा. दोन-चार सेकंदांत पट्टीचं मोकळं टोक एका बाजूला झुकतं. सेलची टोकं उलटी केली की ते दुसऱ्या बाजूला जातं. यालाच सच्छिद्र कार्बनचा कमी व्होल्टेजचा अ‍ॅक्च्युएटर, म्हणजे वीज दिली की हालचाल करणारा भाग, म्हणतात. एमएस्सी किंवा बीईच्या प्रोजेक्टसाठी हा विषय घेणारे बरेच आहेत, आणि त्यातले बरेच पहिल्याच महिन्यात अडकतात. कारण शोधनिबंधात कृती चार ओळींत उरकलेली असते आणि खरी गोम त्या चार ओळींच्या मधे असते.

माझं मत आधीच सांगतो. या पट्टीचं यश महागड्या कार्बनवर अवलंबून नाही. ते दोनच गोष्टींवर ठरतं: विजेचा संपर्क आणि आत शिरलेलं पाणी. बजेट आणि वेळ त्या दोन्हींवर खर्च करा.

पट्टी वाकते कशामुळे

पट्टीत तीन थर असतात. वर-खाली सच्छिद्र कार्बनचे दोन इलेक्ट्रोड आणि मधे आयन वाहून नेणारा, पण इलेक्ट्रॉन अडवणारा पॉलिमरचा पडदा. तिन्ही थर आयनिक द्रवाने भिजलेले असतात. आयनिक द्रव म्हणजे सामान्य तापमानालाही द्रवच राहणारं मीठ. व्होल्टेज दिलं की धन आयन ऋण इलेक्ट्रोडच्या छिद्रांत गोळा होतात आणि ऋण आयन धन इलेक्ट्रोडच्या छिद्रांत. रासायनिक अभिक्रिया होत नाही, आयन फक्त जागा बदलतात. म्हणजे ही रचना मुळात सुपरकपॅसिटरच, आयनांच्या थरांत वीज साठवणारा घटकच, आहे. फरक इतकाच, की सुपरकपॅसिटर डब्यात बंद असल्याने त्याचं फुगणं दिसत नाही, आणि आपण तेच फुगणं कामाला लावतो. दोन्ही आयनांचं आकारमान आणि चाल सारखी नसते, म्हणून एक इलेक्ट्रोड दुसऱ्यापेक्षा जास्त फुगतो आणि एका बाजूने भिजलेल्या पुठ्ठ्यासारखी पट्टी वाकते. ऋण बाजू जास्त फुगून पट्टी धन बाजूकडे झुकते, असंच बहुतेक वेळा दिसतं.

व्होल्टेज इतकं कमी का पुरतं? आयन कार्बनच्या पृष्ठभागाला जवळजवळ चिकटून बसतात. अंतर नॅनोमीटरच्या आसपास असल्याने एक-दोन व्होल्टमध्येही तिथलं विद्युतक्षेत्र प्रचंड असतं. रबरासारख्या डायइलेक्ट्रिक पॉलिमरच्या अ‍ॅक्च्युएटरला हजारो व्होल्ट लागतात, ते याच कारणाने: तिथे संपूर्ण जाडीभर क्षेत्र उभं करावं लागतं.

या कामाचा इतिहास तसा ताजा आहे. रे बॉमन आणि सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये कार्बन नॅनोट्यूबच्या, म्हणजे कार्बनच्या अतिसूक्ष्म नळ्यांच्या, कागदासारख्या पत्र्याचा अ‍ॅक्च्युएटर दाखवला, तो मिठाच्या पाण्यात बुडवून चालवावा लागे. २००५ मध्ये जपानमध्ये फुकुशिमा, आसाका, आयदा आणि सहकाऱ्यांनी नॅनोट्यूब, आयनिक द्रव आणि पॉलिमर एकत्र करून उघड्या हवेत चालणारी पट्टी बनवली. पुढे एस्टोनियातल्या तार्तू विद्यापीठाच्या गटाने नॅनोट्यूब सोडून स्वस्त सच्छिद्र कार्बनकडे मोर्चा वळवला. त्यात कार्बन एरोजेल, म्हणजे अतिशय हलका, पोकळ कार्बन, होतं आणि कार्बाइडपासून काढलेला कार्बनही. टायटॅनियम कार्बाइडवर तापलेल्या अवस्थेत क्लोरीन सोडला की टायटॅनियम क्लोराइड होऊन वायुरूपात निघून जातो आणि मागे छिद्राछिद्रांचा कार्बन उरतो. भट्टीचं तापमान बदलून छिद्रांचा आकार ठरवता येतो. हा प्रकार आपल्या प्रयोगशाळेत करायचा नाही हे वेगळं सांगायला नको. गरम क्लोरीन हे विद्यार्थ्यांच्या हाती द्यायचं काम नव्हे.

छिद्राच्या आकाराबद्दल एक आकडा मात्र लक्षात ठेवा. आपण वापरणार आहोत त्या ईएमआयएम-टीएफएसआय या आयनिक द्रवासाठी कार्बनची धारिता (वीज साठवण्याची क्षमता) छिद्र साधारण ०.७ नॅनोमीटरचं असताना सर्वांत जास्त मिळते, म्हणजे आयनाच्याच मापाचं छिद्र. हे २००८ मध्ये सिमोन आणि गोगोत्सी यांच्या गटांनी दाखवलं. चांगल्या सक्रिय कोळशात या मापाची छिद्रं भरपूर असतात, त्यामुळे सुरुवातीला तेवढ्यावर भागतं.

सामान

कार्बन म्हणून सुपरकपॅसिटरसाठी मिळणारी सक्रिय कोळशाची पूड घ्या. जपानच्या कुरारे कंपनीची वायपी-५०एफ ही नारळाच्या करवंटीपासून केलेली पूड बऱ्याच प्रयोगशाळांत सापडते. एका ग्रॅमला सुमारे १६०० चौरस मीटर पृष्ठभाग आणि कण काही मायक्रॉनचे. पाण्याच्या फिल्टरमधला दाणेदार कोळसा फुकट मिळतो खरा, पण तो बॉल मिलमध्ये दळावा लागतो, त्यातली राख सौम्य आम्लाने धुवावी लागते आणि तरी एखादा मोठा कण पडद्यातून आरपार जाऊन शॉर्ट करतोच. पहिल्या खेपेला त्या वाटेला जाऊ नका.

जोडीला थोडा वाहक कार्बन ब्लॅक, म्हणजे काजळीसारखी बारीक पूड, लागतो, कारण सक्रिय कोळसा स्वतः फारसा चांगला वाहक नसतो.

पॉलिमर म्हणजे पीव्हीडीएफ-एचएफपी, फ्लोरिन असलेलं एक लवचिक प्लास्टिक. ते दाण्यांच्या रूपात मिळतं. साधं पीव्हीडीएफ घेऊ नका, ते कडक राहतं.

आयनिक द्रवात दोन नावं समोर येतील: ईएमआयएम-बीएफ४ आणि ईएमआयएम-टीएफएसआय. पहिल्याची वाहकता जास्त आहे, आणि जुन्या निबंधांत तोच दिसतो. पण पाण्याशी त्याचं जमत नाही. ओलावा लागला की त्यातला बीएफ४ हळूहळू फुटून हायड्रोफ्लुओरिक आम्ल तयार होऊ शकतं. टीएफएसआय पाण्यात मिसळत नाही, हवेतला ओलावा घेतो तोही कमी. आपल्याकडच्या जून ते सप्टेंबरच्या हवेचा विचार करता मी दुसराच घेईन. तो महाग असतो, पण खालच्या प्रमाणात एका खेपेला १.१ ग्रॅम लागतो, म्हणजे ५ ग्रॅमच्या बाटलीत चार खेपा निघतात.

द्रावक दोन: पडद्यासाठी अ‍ॅसिटोन, इलेक्ट्रोडसाठी डायमिथाइल अ‍ॅसिटामाइड, म्हणजे डीएमएसी. डीएमएसी त्वचेतून शरीरात जातो आणि प्रजननाला घातक म्हणून नोंदलेला आहे. चालू स्थितीतलं फ्यूम हूड (वाफा ओढून बाहेर टाकणारं कपाट) नसेल तर तो उघडूच नका. अ‍ॅसिटोन आणि डीएमएसी दोन्ही साध्या नायट्राइल हातमोज्यांतून पटकन पार होतात. मोज्यावर थेंब उडाला की मोजा बदलायचा. कार्बनची पूड तोलताना एन-९५ मास्क हवा आणि पंखा बंद हवा.

आणि सोन्याचा वर्ख. हो, खरोखरीचा, २४ कॅरेटचा, वहीच्या पानांत मिळतो तो. त्याचं काम पुढे येईल.

मधला पडदा

अर्धा ग्रॅम पीव्हीडीएफ-एचएफपी आणि अर्धा ग्रॅम आयनिक द्रव ५ मिली अ‍ॅसिटोनमध्ये, झाकण लावलेल्या बाटलीत, ४० ते ४५ अंश सेल्सिअसच्या पाण्यात ठेवून मॅग्नेटिक स्टररवर ढवळा. अ‍ॅसिटोन ५६ अंशांना उकळतं, म्हणून त्याच्या जवळ जाऊ नका. उघड्या कॉइलची शेगडी तर नकोच. द्रावण काचेसारखं पारदर्शक झालं की थांबायचं. बुडबुडे वर येऊन जाईपर्यंत ते तसंच ठेवायचं.

स्वच्छ काचेवर १० × ११ सेंमीचा चौकोन आखून त्यात हे द्रावण साधारण अर्धा मिलिमीटर जाडीने ओता आणि फूटपट्टीच्या कडेने समतल करा. वाळल्यावर ५० मायक्रॉनच्या आसपासचा पडदा उरतो. काच पातळीत आहे की नाही हे स्पिरिट लेव्हल ठेवून आधीच बघा. नाहीतर पडद्याची एक कड ३० मायक्रॉनची आणि दुसरी ७० ची होते, आणि मग पट्ट्यांचे आकडे एकमेकांशी जुळत नाहीत.

आता पावसाळ्याचा प्रश्न. अ‍ॅसिटोन झपाट्याने उडताना थर थंड पडतो. हवा दमट असेल तर त्यावर दव धरतं, पाणी पॉलिमरला द्रावणातून बाहेर ढकलतं आणि थोड्या वेळापूर्वी पारदर्शक दिसणारा थर बघता बघता दुधी होतो. हा दुधीपणा कडांपासून सुरू होऊन आत सरकताना डोळ्यांना दिसतो. असा पडदा बारीक छिद्रांनी भरलेला, कमकुवत आणि असमान असतो. उपाय दोन आहेत आणि ते एकत्रच करा. काच आधी ३५ ते ४० अंशांपर्यंत कोमट करून घ्या, म्हणजे दव धरणार नाही. आणि ओतल्यावर लगेच वर उथळ काचेचा ट्रे पालथा घाला, खाली काडी ठेवून एका बाजूने फट सोडा, म्हणजे अ‍ॅसिटोन सावकाश उडेल. वातानुकूलित खोली असेल तर उत्तमच. ओला थर बंद ओव्हनमध्ये कधीही घालू नका, अ‍ॅसिटोनची वाफ आणि ओव्हनची ठिणगी यांची गाठ पडू द्यायची नाही. पूर्ण वाळल्यावर मग ६० अंशांत तासभर चालेल.

पडदा सोलून उजेडासमोर धरा. टाचणीएवढी छिद्रं जवळपास दरवेळी एखाद-दुसरं सापडतंच. म्हणून पडद्याचे १० × ५.५ सेंमीचे दोन तुकडे करून एकावर एक ठेवायचे. दोन्हींची छिद्रं नेमकी एकाच जागी येण्याची शक्यता नगण्य. जाडी दुप्पट होते आणि वेग थोडा कमी होतो, पण शॉर्ट झालेल्या पट्टीचा वेग शून्य असतो.

इलेक्ट्रोड

एका खेपेचं प्रमाण:

- सक्रिय कोळसा ०.३० ग्रॅम, १२० अंशांत रात्रभर वाळवलेला
- कार्बन ब्लॅक ०.०३ ग्रॅम
- पीव्हीडीएफ-एचएफपी ०.२५ ग्रॅम
- ईएमआयएम-टीएफएसआय ०.६० ग्रॅम
- डीएमएसी एकूण ६ मिली

आयनिक द्रव पॉलिमरच्या दुपटीहून जास्त का, असा प्रश्न पडेल. हिशेब असा. या कोळशात ग्रॅममागे अंदाजे ०.७५ मिली पोकळी धरा. ०.३० ग्रॅम कोळसा सुमारे ०.२२ मिली द्रव स्वतःच्या छिद्रांत ओढून घेणार. द्रवाची घनता १.५ धरली तर हे झाले ०.३४ ग्रॅम. उरलेला ०.२६ ग्रॅम द्रव पॉलिमरला मिळतो, म्हणजे जवळपास एकास एक. नॅनोट्यूबसाठी लिहिलेलं प्रमाण जसंच्या तसं सक्रिय कोळशाला लावलं की सगळा द्रव कोळसाच पिऊन टाकतो, पॉलिमर कोरडा राहतो, आणि थर वाळल्यावर तडकतो. पट्टी हलत नाही याचं हे अगदी नेहमीचं कारण आहे.

पॉलिमर ३ मिली डीएमएसीमध्ये ६० अंशांवर विरघळवून घ्या. दुसऱ्या बाटलीत कोळसा, कार्बन ब्लॅक आणि आयनिक द्रव उरलेल्या ३ मिलीमध्ये घालून अल्ट्रासोनिक बाथमध्ये तासभर ठेवा. मग दोन्ही एकत्र करून रात्रभर ढवळा. सकाळी शाई दाट, चकचकीत आणि गुठळ्यांशिवाय हवी. एक थेंब काचेच्या स्लाइडवर दुसऱ्या स्लाइडने पसरून बघा. कण खरखरीत लागले तर पुन्हा बाथमध्ये.

पीटीएफईच्या (टेफ्लॉनच्या) सपाट शीटवर ९ × ९ सेंमीची चौकट करून त्यात सगळी शाई ओता. फ्यूम हूडमध्ये ७० अंशांवर सावकाश वाळू द्या. घाईने ९० वर नेलं की वरचा पापुद्रा आधी धरतो, खालचा द्रावक अडकतो आणि चिखलाला पडतात तशा भेगा पडतात. वरून कोरडा दिसला की व्हॅक्यूम ओव्हनमध्ये ८० अंशांत रात्रभर. हा शेवटचा टप्पा टाळण्याचा मोह सगळ्यांना होतो. डीएमएसी १६५ अंशांना उकळतो, तो सहज जात नाही. उरलेला द्रावक पॉलिमर मऊ करतो आणि आयनांची चाल वाढवतो, म्हणून अशी पट्टी पहिल्या दिवशी झकास वाकते. पुढच्या काही दिवसांत द्रावक उडत जातो, तशी ती मरगळते. मग विद्यार्थी म्हणतो, ‘पट्टीचं आयुष्य कमी आहे.’ आयुष्य कमी नसतं, पहिल्या दिवसाचा आकडाच फसवा असतो.

तयार थराची जाडी मायक्रोमीटरने पाच-सहा ठिकाणी मोजा. १०० मायक्रॉनच्या आसपास यायला हवी. पेन्सिलभोवती गुंडाळून बघा. भेग न पडता गुंडाळला गेला तर काम झालं. मग मधोमध कापून ९ × ४.५ सेंमीचे दोन इलेक्ट्रोड करा.

थर जोडणं आणि वर्ख लावणं

क्रम: वर्ख, इलेक्ट्रोड, पडदा, पडदा, इलेक्ट्रोड, वर्ख. पडदा इलेक्ट्रोडपेक्षा चारी बाजूंनी काही मिलिमीटर मोठा ठेवायचा, म्हणजे दाबताना दोन इलेक्ट्रोडच्या कडा एकमेकींना लागणार नाहीत.

आधी वर्खाशिवाय मधले चार थर जोडून घ्या. पीटीएफईच्या दोन शीटमध्ये ठेवून, बाहेरून सपाट स्टीलच्या प्लेट लावून, जी-क्लॅम्पने माफक आवळून ८० अंशांच्या ओव्हनमध्ये अर्धा तास ठेवा. हॉट प्रेस असेल तर त्याच तापमानाला एक-दोन मिनिटं पुरतात. फार दाबलंत तर आयनिक द्रव घामासारखा बाहेर येतो. तसं झालं तर पुसून टाका आणि पुढच्या वेळी दाब कमी करा.

वर्ख कशाला? कार्बनचा थर वीज वाहतो, पण वाईट. वर्ख न लावता पट्टी जोडली तर चिमटीजवळचा सेंटिमीटरभर भाग वाकतो आणि टोक नुसतंच त्याच्या मागे फरफटतं, कारण टोकापर्यंत पोहोचताना व्होल्टेज वाटेतच गळतं. वाकण्याचा हा आकार ओळखता आला की निम्मं निदान झालं. सोन्याचा वर्ख शंभर नॅनोमीटरच्या घरातला असतो. तो पट्टीला कडक करत नाही आणि वीज मात्र टोकापर्यंत नेतो. तार्तूच्या गटानेही असंच पातळ सोनं वापरलं आहे.

मिठाईवर असतो तो चांदीचा वर्ख चालेल का, हा पुढचा प्रश्न हमखास येतो. नाही. धन बाजूला चांदी विरघळते, पडद्यातून पलीकडे जाते आणि ऋण बाजूवर काटेरी फांद्यांसारखी साचत जाऊन शेवटी शॉर्ट करते. सोनेरी दिसणारा पितळी वर्ख तर त्याहून लवकर गंजतो. सोन्याची एक-दोन पानं पुरतात, आणि या संपूर्ण कृतीत पैसे घालण्याची हीच योग्य जागा आहे.

वर्ख लावताना खोलीतला पंखा बंद, खिडकी बंद, आणि श्वास जरा बाजूला. वहीचं पान इलेक्ट्रोडवर पालथं ठेवून मऊ ब्रशने मागून थोपटायचं. इलेक्ट्रोडचा पृष्ठभाग किंचित चिकट असतो, तो वर्ख धरून ठेवतो. धरत नसेल तर पीव्हीडीएफ-एचएफपीचं अगदी पातळ, दोनेक टक्क्यांचं द्रावण ब्रशने पुसटसं फिरवा. वर पीटीएफईची शीट ठेवून पुन्हा ८० अंशांत दाबा. सुरकुत्या राहिल्या तरी बिघडत नाही. उलट वाकताना सुरकुतलेला वर्ख कमी तुटतो.

कापण्यासाठी कात्री नको. कात्री कडेवरून सोनं आणि कार्बन खाली ओढत नेते आणि दोन्ही बाजू जोडून टाकते. नवीन ब्लेड आणि स्टीलची पट्टी घ्या आणि ब्लेड न ओढता वरून एका दाबात कापा. आधी चारी बाजूंची कड छाटून टाका, मग ३० × ५ मिमीच्या पट्ट्या करा. डझनभर तरी सहज निघतात.

प्रत्येक पट्टी मल्टिमीटरवर तपासा. रोध मोजायला लावला की चांगल्या पट्टीचा आकडा कमी सुरू होऊन हळूहळू चढत जातो, कारण मीटर तिला चार्ज करत असतो. आकडा खाली येऊन तिथेच बसला तर शॉर्ट. ती पट्टी टाकून देण्याआधी कडांवर नवीन ब्लेडने अर्धा मिलिमीटर छाटून पुन्हा बघा, बऱ्याच वाचतात.

वीज द्यायची कशी

आधी हिशेब करा, म्हणजे ड्रायव्हर निवडताना चूक होणार नाही. २५ × ५ मिमीच्या मोकळ्या भागात एका इलेक्ट्रोडमध्ये ढोबळमानाने ५ मिलिग्रॅम कार्बन असतो. ग्रॅमला ८० फॅरड धरले तर एका इलेक्ट्रोडची धारिता ०.४ फॅरड. दोन्ही इलेक्ट्रोड मालिकेत, म्हणून पट्टीची ०.२ फॅरड. आतला रोध १० ओहम धरला तर वेळेचा स्थिरांक (चार्ज होण्याचा वेग दाखवणारा, रोध गुणिले धारिता) २ सेकंद, आणि २ व्होल्ट दिल्याक्षणी प्रवाह २०० मिलिअँपिअर. अर्डुइनो या मायक्रोकंट्रोलर बोर्डच्या पिनकडून २० मिलिअँपिअरच्या वर मागू नये, त्यामुळे पट्टी थेट पिनला लावली तर व्होल्टेज कोसळतं आणि पिनही धोक्यात येते. सगळ्यांच्या कपाटात असलेलं एल२९८एन हे मोटर चालवायचं बोर्डही इथे कामाचं नाही. ते स्वतःच दोनेक व्होल्ट खातं. मोटरसाठी ते खपून जातं, इथे मात्र आपलं सगळं जेवणच ते जेवून टाकतं.

सुरुवात एका सेलने आणि मधल्या जागी बंद राहणाऱ्या डीपीडीटी (दोन्ही तारा एकदम उलटवणाऱ्या) स्विचने करा. एका बाजूला सुलट, मधे तोडलेलं, दुसऱ्या बाजूला उलट. पुढे एलएम३१७ या व्होल्टेज रेग्युलेटर चिपवर १.२५ ते २ व्होल्टचा पुरवठा बनवा. २४० ओहमचा रोधक आणि खाली १५० ओहमचा व्हेरिएबल लावला की ५ व्होल्टच्या चार्जरवरून हा पल्ला मिळतो. मायक्रोकंट्रोलरने चालवायचं असेल तर डीआरव्ही८८३७ सारखा मोटर ड्रायव्हर चिप घ्या, त्याचा मोटरकडचा पुरवठा शून्यापासून चालतो आणि लॉजिकचा वेगळा असतो. पट्टीच्या मालिकेत १ ओहमचा रोधक ठेवा. त्याच्यावरचे मिलिव्होल्ट म्हणजेच मिलिअँपिअर.

दिशा बदलताना भरलेल्या पट्टीचं व्होल्टेज पुरवठ्यात मिळतं, म्हणून क्षणभर प्रवाह दुप्पट होतो. स्विच मधल्या जागी थांबवून पट्टी क्षणभर रोधकातून शॉर्ट केली तर झटका बसत नाही.

चिमटीसाठी लाकडी क्लिप चालते, पण पट्टीला टेकणारा भाग सोन्याचा मुलामा असलेला किंवा ग्राफाइट फॉइलचा हवा. तांब्याच्या मगर-चिमट्यांनी धन बाजूला हिरवट डाग पडतात आणि मग पट्टीच्या नावाने आपण तांब्याचं गंजणं मोजत बसतो.

व्होल्टेज २ च्या वर नेऊ नका. कोरड्या अवस्थेत हा आयनिक द्रव ४ व्होल्टच्या आसपासपर्यंत टिकतो असं वाचायला मिळेल, पण आपली पट्टी कोरडी नसते. आत शिरलेलं पाणी १.२३ व्होल्टच्या वर फुटू शकतं. फुगे, थर सुटणं आणि न उतरणारा प्रवाह ही त्याची लक्षणं.

मोजायचं कसं

पट्टीच्या मागे मिलिमीटरचा आलेख कागद, समोर स्टँडवर मोबाइल. एवढ्या संथ हालचालीला लेझर सेन्सरची गरज नाही. सुरुवातीला दर १० सेकंदांनी दिशा बदला. पहिली काही आवर्तनं मोजणीत धरू नका, आयन नीट बसायला तेवढा वेळ लागतो.

नुसतं ‘टोक ६ मिमी हललं’ असं लिहू नका, कारण लांब किंवा पातळ पट्टी जास्त हलणारच. त्यापेक्षा ताण (स्ट्रेन, म्हणजे लांबीतला सापेक्ष बदल) काढा: दोनदा जाडी गुणिले विस्थापन, भागिले अंतराचा वर्ग अधिक विस्थापनाचा वर्ग. अंतर म्हणजे चिमटीपासून मोजणीच्या बिंदूपर्यंत. जाडी ०.२८, अंतर २०, विस्थापन ६ मिमी असेल तर वर ३.३६, खाली ४३६, म्हणजे ०.७७ टक्के. हा दोन इलेक्ट्रोडमधल्या ताणाचा फरक. पहिल्या पट्टीला अर्धा टक्का आला तरी चांगलं म्हणा.

जोर मोजायला सोनाराचा मिलिग्रॅम दाखवणारा काटा घ्या. पट्टीचं टोक काट्याच्या ताटलीला जेमतेम टेकवून व्होल्टेज द्या. ०.१ ग्रॅम म्हणजे जवळपास १ मिलिन्यूटन. अशा पट्टीकडून अपेक्षा तेवढीच ठेवा. प्रोजेक्टच्या सादरीकरणात ‘कृत्रिम स्नायू’ म्हणताना हा आकडाही सोबत द्यावा, परीक्षकांना तो आवडतो. जोर हवा असेल तर जाडी वाढवा, हालचाल हवी असेल तर कमी करा. दोन्ही एकदम मागाल तर मिळणार नाही.

दोन-तीन मिनिटं एकाच दिशेला धरून प्रवाहाची नोंद ठेवा. तो काही मिलिअँपिअरच्या खाली उतरायला हवा. वरच अडकला तर शॉर्ट किंवा पाणी. याच चाचणीत आणखी एक गोष्ट दिसेल: व्होल्टेज चालू असतानाच पट्टी थोडी मागे येते. सुरुवातीला चपळ आयन पळतात, नंतर मागाहून दुसरे पोहोचतात, असा तो प्रकार आहे. तुमचा दोष नाही, पण तो आकडाही लिहून ठेवा. आणि तारा काढून बघा. भरलेली पट्टी पुरवठ्याशिवाय काही काळ वाकलेलीच राहते. विजेवर न जगता जागा धरून ठेवणं ही या जातीची खरी जमेची बाजू आहे आणि सूक्ष्म व्हॉल्व्ह किंवा नाजूक पकड बनवणाऱ्यांना तिचंच आकर्षण वाटतं.

ठेवणं आणि टाकणं

पट्ट्या सिलिका जेलसह हवाबंद डबीत ठेवा. पावसाळ्यात मोजण्याआधी व्हॅक्यूममध्ये ६० अंशांत काही तास वाळवून घ्या. त्याच पट्टीचे आधीचे आणि नंतरचे आकडे दोन्ही लिहा, म्हणजे ओलाव्याचा वाटा किती ते तुमच्याच पट्टीवर कळेल. उरलेली शाई, डीएमएसीने पुसलेले टिश्यू आणि आयनिक द्रवाचे थेंब सिंकमध्ये नाहीत, कार्बनी कचऱ्याच्या लेबल लावलेल्या बाटलीत. वर्ख लावलेल्या छाटणीच्या कडा मात्र वेगळ्या डबीत जमवा. पुढच्या खेपेला पट्टी आणि चिमटीच्या मधे संपर्काचे तुकडे म्हणून त्या उत्तम चालतात.